गोव्यात चार रात्री निवांत: तिथी, भरती आणि मासळीचं ताट

गोव्याला विश्रांतीसाठी जायचं आणि परतल्यावर दोन दिवसांची रजा काढायची, असं बऱ्याच घरांत होतं. चूक बहुधा क्रमाची असते. आधी सवलत बघून हॉटेल घेतलं जातं, मग मिळेल ते तिकीट, मग यादीतली ठिकाणं, आणि समुद्र व जेवण उरल्या वेळात. त्यामुळे पाणी ओसरत असताना पोरं पोहायला उतरतात, आणि तीन वाजता खाणावळीत पोचलेल्यांच्या ताटात शीतपेटीतला इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, तुकडा पडतो.

इथे दिलेला क्रम उलटा आहे: तिथी, गाव, तिकीट, खोली, आणि मग दिवसाची आखणी. चार रात्री, दोन ते सहा माणसं आणि दक्षिण गोवा असा हिशेब धरला आहे. ज्यांना नाचगाणी आणि रात्रीचे बाजार हवेत त्यांनी उत्तरेला कळंगुट-बागाकडे खुशाल जावं, पण मग निवांतपणाची तक्रार करू नये.

## १. आधी महिना, मग तिथी

महिना ठरवणं सोपं आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत समुद्र शांत असतो. २० डिसेंबर ते ३ जानेवारी हा काळ सोडा. खोल्यांचे भाव चढलेले असतात आणि रस्ते तुंबलेले. ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं फेस्त, म्हणजे जत्रा, असते; त्या दिवशी तिकडचा रस्ता टाळा. जानेवारीचे शेवटचे आणि फेब्रुवारीचे मधले दिवस, तेही सोमवार ते शुक्रवार, सगळ्यांत चांगले. फक्त कार्निव्हल कधी आहे ते बघून घ्या.

जून ते सप्टेंबर पोहण्याचा विचारच नको. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे तात्पुरत्या झोपडीवजा खाणावळी, ३१ मेपर्यंत उतरवलेले असतात आणि दर्या खवळलेला असतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताटात येणारा मोठा मासा बहुतेक शीतगृहातला असतो. खाडीतली आणि नदीतली मासळी मात्र मिळते.

महिना ठरला की भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि तिथी बघा. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीचा आकडा घ्या, त्याची पाऊणपट करा, तो भरतीचा तास. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमाराला भरती, पहाटे एकदा आणि दुपारी एकदा. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, म्हणजे सव्वाअकरा. प्रत्येक भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

हा अंदाज आहे, तासभर पुढेमागे होतो. नक्की वेळ हवी तर मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा. दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही तक्त्यात दिसेल.

आता हा हिशेब सुट्टीला लावा. पौर्णिमा किंवा अमावास्येला भरती सव्वाअकराला असेल, तर सकाळी आठ ते दहा पाणी चढतं असतं. पोहायला हीच वेळ बरी, कारण पाणी किनाऱ्याकडे येत असतं आणि वाराही पडलेला असतो. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला ओहोटी, म्हणजे चालायला रुंद आणि घट्ट वाळू. अष्टमीला याच्या उलट होतं: सकाळी आठला पाणी ओसरत असतं आणि संध्याकाळी सहाला लाटा थेट सुरूच्या झाडांच्या दिशेने येत असतात, बसायला पट्टाच उरत नाही.

म्हणून चार रात्री चतुर्दशी ते तृतीयेच्या आसपास बसवा. घरात अमावास्येला प्रवास चालत नसेल तर पौर्णिमा धरा. सूर्य समुद्रात बुडत असताना चंद्र पाठीमागच्या माडांतून वर येतो, तेवढा फायदा जास्तीचा.

सावध: पौर्णिमा-अमावास्येला पाण्याची चढउतार मोठी असते, त्यामुळे ओसरणाऱ्या पाण्याची ओढही मोठी. या दिवसांत सकाळी पोहायचं आणि दुपारनंतर फक्त चालायचं. घोट्याच्या वर पाणी नको.

## २. गाव निवडा, 'गोवा' निवडू नका

बाणावली, वार्का, केळशी. माजोर्ड्यापासून मोबोरपर्यंत एकच सरळ, लांबलचक किनारा आहे, त्यातली ही गावं. मडगाव जवळ, सपाट रस्ते, आजूबाजूला नांदतं गाव. वयस्क माणसं बरोबर असतील तर इथेच राहा. कोलवा याच पट्ट्यात आहे, पण शनिवार-रविवारी तिथे सहलींच्या बसगाड्या येतात.

पाळोळे. चंद्रकोरीसारखा किनारा, उतार मंद, लाटा बहुधा लहान. लहान मुलं असतील आणि समुद्रात खेळायचं असेल तर हा चांगला. गर्दी असते, मधल्या भागात संगीतही असतं. खोली टोकाला घ्या. शेजारचं पाटणे त्याहून छोटं आणि शांत.

आगोंद. सगळ्यांत शांत, आणि बहुतेकांची फसगतही इथेच होते. किनारा देखणा आहे, पण पाणी लवकर खोल होतं आणि ओढ जास्त. वाचायला, झोपायला, चालायला उत्तम, कच्च्या पोहणाऱ्याला नाही. इथे आणि गालजीबागला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आखलेल्या भागात रात्री बॅटरी किंवा मोबाइलचा दिवा लावू नका.

एकच गाव धरा. 'दोन रात्री उत्तरेला, दोन दक्षिणेला' हा बेत कागदावर छान दिसतो. प्रत्यक्षात मधला दिवस सामान बांधण्यात, खोली सोडण्यात आणि नवी खोली मिळेपर्यंत ताटकळण्यात जातो.

## ३. तिकीट, आणि स्टेशन ते खोली हा शेवटचा टप्पा

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. १ नोव्हेंबर २०२४ पासूनचा हा नियम अजून अनेकांच्या अंगवळणी पडलेला नाही. १२० दिवसांचा हिशेब डोक्यात ठेवून लोक उगाच रोज तपासत बसतात आणि खऱ्या दिवशी विसरतात. तिथीवरून तारीख ठरली की मागे ६० दिवस मोजून फोनमध्ये गजर लावा.

बाणावली-वार्क्यासाठी मडगावला उतरा, पुढे सहा ते दहा किलोमीटर. पाळोळे-आगोंदसाठी काणकोण स्टेशन जवळचं, पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. नाहीतर मडगावहून साधारण ४० किलोमीटर रस्ता आहे. रात्रीच्या गाडीने सकाळी पोचणं दिवसाच्या गाडीपेक्षा बरं. खोली दुपारी मिळाली तरी सामान ठेवून न्याहारी करता येते.

विमानाने येणार असाल तर तिकिटावरचा विमानतळ दोनदा वाचा. दाबोळी आणि मोपा हे दोन वेगळे विमानतळ आहेत. मोपा उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, आणि तिथून पाळोळे शंभर किलोमीटरच्या आसपास. स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीत जातात, शिवाय तीन तास वेगळे.

टॅक्सी आधी ठरवा. ओला-उबेर इथे मिळेल असं धरून चालू नका. गोवा माइल्सचं ॲप आहे, स्टेशन-विमानतळावर आगाऊ भाडं भरायची खिडकी असते, किंवा मुक्कामाच्या ठिकाणाहून गाडी मागवता येते. एकटे असाल आणि पाठीवर एकच पिशवी असेल तर 'पायलट' घ्या. पिवळा मडगार्ड असलेली ही परवानाधारक मोटरसायकल टॅक्सी. भाडं बसण्याआधी बोला. मडगावच्या कदंब स्थानकावरून काणकोणच्या बसही सुटतात, फक्त अंधार पडल्यावर त्यांच्या भरवशावर राहू नका.

तपासा: विमानतळाचं नाव, पोचण्याची वेळ, आणि त्या वेळी खोलीवर कुणी जागं असेल का.

## ४. खोली: फोन करून विचारायचे प्रश्न

फोटो सगळ्यांचे सुंदर असतात, म्हणून फोन करा. गोव्यात मराठी सहज चालते. 'दादा', 'बाय' म्हणून बोलायला सुरुवात केली की माणूस मोकळा होतो. पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा:

1. खोलीच्या दारापासून वाळूपर्यंत चालत किती मिनिटं? 'पाच मिनिटं' म्हणाले तर चालत की गाडीने, ते विचारा.
2. मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का?
3. शेजारी बांधकाम चालू आहे का? हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सकाळी आठला फरशी कापायचं यंत्र सुरू झालं की आठवतो.
4. शेजारच्या शॅकमध्ये रोज संगीत असतं का? उघड्यावर रात्री दहानंतर मोठ्या आवाजाला परवानगी नाही, पण दहापर्यंत तुम्हालाही ते ऐकावं लागतं.
5. वीज गेली तर पंखा चालतो का?
6. लाकडी झोपडी असेल तर मच्छरदाणी आहे का, आणि न्हाणीघर आत आहे की बाहेर?
7. सकाळी लवकर पोचलो तर सामान ठेवता येईल का?

'समोर समुद्र दिसतो' आणि 'समुद्रावर आहे' यांत फरक आहे. टेकडीवरून दिसणाऱ्या समुद्रापर्यंत रोज दोनदा ८० पायऱ्या उतराव्या लागल्या तर गुडघे बोलू लागतात.

पहिल्या दोनच रात्रींचं आगाऊ भरा आणि उरलेल्या पोचल्यावर. खोली पटली नाही तर गावातच दुसरी बघता येते. डिसेंबर अखेरीला मात्र हे चालत नाही.

## ५. सामान

कमी घ्या. जाडजूड टॉवेलऐवजी सुती पंचा घ्या. अंग पुसतो, डोक्याला बांधता येतो, आणि खाऱ्या हवेत टॉवेल दोन दिवस ओला राहतो तिथे पंचा तासाभरात वाळतो. पायात रबरी सपाता हव्यात, आणि खडकांकडे जाणार असाल तर मागे पट्टा असलेल्या. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरच्या शिंपल्यांची धार ब्लेडसारखी असते. मीठ-साखरेची पाकिटं, डासांचं मलम, छोटी बॅटरी, आणि ओले कपडे कोंबायला एक प्लास्टिकची पिशवी. जीन्स घरी ठेवा.

## ६. पहिला दिवस: स्कूटर आणि झोप, बाकी काही नाही

पहिल्याच दिवशी ऊन डोक्यावर असताना दोन तास समुद्रात, वर थंड बिअर, वर कोळंबी, हा क्रम हमखास अंगावर येतो. दुसरा आणि तिसरा दिवस मग खोलीत जातो. पहिल्या दिवशी दुपारी साधं जेवण, झोप, आणि संध्याकाळी फक्त किनाऱ्यावर चालणं.

याच दिवशी स्कूटर घ्या. भाड्याने द्यायची परवानगी असलेल्या गाडीची नंबरपाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी थोडी स्वस्त देतात, पण पोलिसांनी अडवली तर दंड भरून दिवस फुकट जातो. घेण्याआधी:

- गाडीभोवती फिरून ओरखड्यांचा व्हिडिओ काढा, मालक समोर असताना.
- दोन्ही ब्रेक, हॉर्न, दिवा, आणि टायरची नक्षी बघा.
- कागदपत्रं आणि हेल्मेट ताब्यात घ्या. हेल्मेट नाही म्हणाले तर पुढच्या दुकानात जा.
- मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या.
- टाकी जवळपास रिकामीच मिळते. दोन लिटर पेट्रोल भरा. चार दिवसांच्या गावातल्या फिरण्याला तेवढं पुरतं, उरलेलं पुढच्या गिऱ्हाइकाला जातं.

सावध: गावातली वळणं अरुंद आणि आंधळी असतात आणि त्यांवर वाळू पसरलेली असते. स्कूटर घसरते ती वळणात पुढचा ब्रेक दाबल्यावर.

## ७. समुद्रात उतरण्याचा क्रम

सकाळी आठ ते दहा. समुद्राकडून येणारा वारा दुपारी सुरू होतो आणि पाणी उसळतं. सकाळी तेच पाणी काचेसारखं असतं.

पाण्याजवळ गेल्यावर आधी झेंडे शोधा. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या जागेत जीवरक्षकांचं लक्ष असतं. नुसता लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. जीवरक्षकाला विचारा, "आज पाणी कसं आहे?" एवढ्या एका प्रश्नावर तो बोट दाखवून सांगतो की कुठे खड्डा पडलाय आणि कुठे ओढ आहे.

मग दोन मिनिटं नुसतं बघा. सगळीकडे पांढरा फेस फुटतोय आणि मध्येच एका पट्ट्यात पाणी सपाट, गढूळ आणि शांत दिसतंय, तर तो पट्टा पोहायला सोपा वाटतो. तीच आत ओढणाऱ्या प्रवाहाची वाट असते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी परत जायला तिथून रस्ता काढतं, म्हणून तिथे लाट फुटत नाही. कुणी सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नये. दमछाक तिथेच होते. किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हायचं, ओढ संपली की मग तिरकं बाहेर. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा.

मुलांना कमरेइतक्या पाण्यापर्यंतच आणि मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर ठेवा. मोठ्याने पाण्याच्या बाजूला उभं राहायचं, मुलाने किनाऱ्याच्या. बहुतेक पालक उलटे उभे राहतात.

जेलीफिश लागली तर चोळू नका, वाळू घासू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन थेट जीवरक्षकाकडे जा. दम लागला, चक्कर आली तर १०८ला फोन.

सकाळी सात-साडेसातला बाणावली-कोलव्याच्या पट्ट्यात नशीब असेल तर रापण ओढताना दिसते. दोन बाजूंनी माणसांच्या दोन रांगा दोरावर पाय रोवून मागे सरकत असतात, मधलं जाळं हळूहळू आकसत येतं आणि शेवटच्या दहा हातांत पाणी तारल्यांनी चंदेरी होऊन खदखदायला लागतं. बघायचं तर दोराच्या आत उभं राहू नका, ताण सुटला तर दोर पायावर येतो. मासळी वाळूवर पडली की रापणकाराला विचारून थोडी विकत घेता येते. मुक्कामाचं स्वयंपाकघर ती करून देईल का, ते आदल्या रात्रीच विचारून ठेवा.

सावध: दारू घेतली असेल तर त्या दिवशी पाण्यात पाय नाही. किनाऱ्यावर बसून बाटली उघडणंही दंडाचं काम आहे.

## ८. दिवसभराचं खाणं, ताटासकट

### सकाळ: पोदेराचा भोंगा

सायकलवरचा पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी साडेसहा-सातला रबरी भोंगा वाजवत येतो. खोलीच्या मालकिणीला आदल्या दिवशी सांगितलं तर ती थांबवून ठेवते. पोय घ्या. कोंड्याची, पिशवीसारखी पोकळ, आणि गरम असताना मऊ. उंडो वरून कडक असतो, तो रश्शात बुडवायला. काकणं कुरकुरीत, चहाबरोबर. पोय त्याच दिवशी संपवायची, दुसऱ्या दिवशी ती चामड्यासारखी होते.

बाहेर न्याहारी करायची तर जवळच्या बाजारातल्या साध्या हॉटेलात भाजी-पाव मागा: पातळ भाजी आणि सुकी भाजी मिसळून, बरोबर मिरची. बन्स संपायच्या आत, म्हणजे नऊच्या आधी पोचा.

### दुपार: ताट मागवण्याचा क्रम

वेळ पाऊण ते दीड. अडीचनंतर चांगले मासे संपतात, तीनला स्वयंपाकी झोपायला जातो. दुकानंही एक ते साडेतीन-चार बंद, त्यामुळे जेवून 'थोडी खरेदी' हा बेत आखू नका. सोमवारी अनेक हिंदू घरं शिवराक, म्हणजे शाकाहारी, खातात आणि काही खाणावळीही बंद असतात. रविवारी ख्रिस्ती मालकांच्या बऱ्याच जागा बंद. आदल्या दिवशी विचारा.

पहिली पायरी: बसण्याआधी विचारा, "आयज नुस्तें कितें आसा?" म्हणजे आज मासा कोणता आहे. मेनूकार्ड नंतर. नावं ओळखीची करून घ्या: इसवण म्हणजे आपली सुरमई, सुंगटां म्हणजे कोळंबी, कुर्ल्यो म्हणजे खेकडे, तारले म्हणजे तारली, माणकी म्हणजे स्क्विड, लेपो तोच लेपा. चणक म्हणजे जिताडा, भाव चढा. मोडसो बारीक काट्याचा, पण गोडीला तोड नाही. काटे निवडता येणाऱ्यांनीच घ्यावा.

दुसरी पायरी: मासा दाखवा म्हणा. चांगल्या जागी यात कुणाला वावगं वाटत नाही. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा. आत गेलेला, दुधाळ डोळा म्हणजे शिळा. कल्ला उचलून लाल दिसला पाहिजे. बोटाने दाबल्यावर खळगा भरून यायला हवा. वास समुद्राचा, अमोनियाचा नाही. तुकडे करून ठेवलेल्या माशाचा डोळा दिसत नाही, म्हणून शंका असेल तेव्हा तुकड्यापेक्षा अख्खा बांगडा घ्यावा. इसवणाचा नाद सोडून बांगड्यावर या, निम्म्या फसवणुकी टळतात.

तिसरी पायरी: भाव. ताटाचा भाव ठरलेला असतो, तळलेल्या माशाचा बहुधा वेगळा आणि आकारावर. कार्डावर आकडा नसेल तर तो मासा बोटाने दाखवून 'याचे किती?' असं विचारा. बिल आल्यावर होणाऱ्या वादांचं मूळ हेच.

चौथी पायरी: तळणी सांगा. रवा की रेशाद? रेशाद म्हणजे सुक्या लाल मिरच्या, लसूण आणि व्हिनेगरमध्ये वाटलेला झणझणीत मसाला, माशाच्या पोटात भरतात. बांगड्याला रेशाद, लेपो-मोडसो-इसवणाला रवा. नाजूक माशाला रेशाद लावला की फक्त मसाल्याची चव लागते. आणि शिळेपणा झाकायलाही रेशादच सोपा, म्हणून अनोळखी जागी पहिला मासा रव्याचा घ्या.

ताट आलं की त्यात साधारण हे असतं: उकड्या तांदळाचं शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तिसऱ्यांचं सुकं, किसमूर, एखादी भाजी, लोणचं, सोलकढी. आधी शीत आणि हुमण. बांगड्याच्या हुमणात तिरफळं असतात. ती वासासाठी, चावायची नाहीत. चावलीत तर जीभ पंधरा मिनिटं बधिर. किसमूर म्हणजे सुक्या सुंगटांची खोबरं-कांदा घातलेली कोशिंबीर, ती घासागणिक वरून घ्या. सगळी एकदम कालवली की मऊ पडते आणि कुरकुरीतपणाच जातो. तिसऱ्यांचा पहिला शिंपला आधी एकटा खाऊन बघा. दाताखाली कचकच लागली तर बाकीच्या बाजूला ठेवा, वाळू नीट काढलेली नाही. सोलकढी शेवटी, आणि दुपारीच. संध्याकाळपर्यंत ती फुटते.

चार दिवसांचा चढता क्रम असा ठेवावा: पहिल्या दिवशी बांगड्याचं हुमण आणि भात. दुसऱ्या दिवशी सुंगटां किंवा तिसऱ्यो. कुर्ल्यो तिसऱ्या दिवशी, पोट इथल्या नारळ-कोकमाला सरावल्यावर. चौथ्या दिवशी हवं तर चिकनची शागोती किंवा काफ्रेआल, कारण परतीच्या प्रवासाआधी शिंपल्यांची जोखीम नको. ज्यांना शिंपल्यांचं वावडं आहे त्यांनी 'हुमणात सुंगटां आहेत का' हे स्पष्ट विचारावं, माशाच्या हुमणात चवीला चार घातलेली असू शकतात.

शाकाहारी मंडळींची आबाळ होते ती शॅकमध्ये पनीर मागवल्याने. मडगाव-काणकोणच्या साध्या खाणावळीत 'शिवराक' ताट मागा. अळसांद्यांचं तोणाक, मुगागाठी, आणि योग असेल तर खतखतें मिळतं.

### संध्याकाळ आणि रात्र

साडेसातच्या आसपास बाजारातल्या गाड्यावर रस ऑम्लेट: शागोतीच्या रश्शात बुडवलेलं ऑम्लेट, वर कांदा-लिंबू, बरोबर पाव. दुपारचं ताट भरगच्च असेल तर रात्रीला एवढं पुरे.

पिणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. उर्राक हा काजूच्या बोंडांचा पहिला उतारा, मार्च ते मेमध्येच मिळतो. डिसेंबरात कुणी ताजा उर्राक म्हणून बाटली पुढे केली तर घेऊ नका. काजू फेणी मात्र वर्षभर मिळते आणि चांगली ४२ टक्क्यांच्या घरातली असते. लिंबू, मीठ आणि लिमका घातल्यावर ती सरबतासारखी लागते, घोळ तिथेच होतो. एका पेल्यावर थांबा आणि स्कूटरची किल्ली दुसऱ्याकडे द्या.

## ९. मधला दिवस: एखादं बेट

सगळे दिवस वाळूत बसवत नसेल तर तिसरा दिवस बेटाला द्या. पर्याय दोन, एकच निवडा.

पाळोळ्याच्या उत्तर टोकाचं बेट. ओहोटीला मधलं पाणी उथळ होतं आणि चालत पलीकडे जाता येतं. इथे तिथीचा हिशेब थेट उपयोगी पडतो. तक्त्यातली ओहोटीची नेमकी वेळ घ्या, त्याच्या तासभर आधी निघा, आणि ओहोटीची वेळ टळायच्या आत परतीला लागा. 'अजून पाणी कुठे चढलंय' म्हणत पलीकडे बसलेल्यांना परत येताना छातीभर पाण्यातून मोबाइल डोक्यावर धरावा लागतो. पायात पट्ट्याच्या सपाता हव्यातच. ओहोटी अंधारात पडत असेल तर बेत रद्द.

दिवाडी. मांडवीतलं बेट, जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरीबोट. रायबंदरहूनही फेरी आहे. मडगावहून रेल्वेने येणार असाल तर करमळी स्टेशन जुन्या गोव्याला लागून आहे. सकाळी नऊच्या आत पलीकडे पोचा, खाजनांच्या, म्हणजे खाडीकाठच्या शेतांच्या, बांधावरून फिरा, पिएदादच्या टेकडीवर जा आणि साडेअकरापर्यंत ऊन चढायच्या आत परत या. जेवणाच्या जागा बेटावर कमी आहेत. तिथेच जेवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. दुसऱ्या बाजूच्या फेरीने नार्व्याला उतरून सप्तकोटेश्वराचं दर्शनही होतं. शेजारच्या चोडण बेटावर सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. तिथे होडीने खारफुटीत आत जायला भरती लागते, आणि चिखलातले पक्षी बघायला ओहोटी. दोन्ही एका फेरीत होत नाही, काय हवंय ते आधी ठरवा.

सावध: फेरीत चढताना आधी उतरणाऱ्या गाड्यांना जाऊ द्या. लोखंडी फळी ओली असते, स्कूटरवर बसून घाईने चढणारे तिथेच आडवे होतात.

## १०. परतीची बांधाबांध

खरेदी शेवटच्या सकाळी, एकाच ठिकाणी: मडगावचा बाजार, पिंपळाकट्ट्याजवळून आत. सोलां, म्हणजे आमसुलं, दाबून बघा, लवचीक आणि काळपट-लाल हवीत. कोरडी, ठिसूळ झाली असतील तर मागच्या वर्षीची. तिरफळं वासावर घ्या. उकडे तांदूळ दोन किलो, रेशादचा मसाला एक बरणी. बरणीचं झाकण टेपने गुंडाळा, व्हिनेगर पाझरतं आणि कपड्यांना लागलेला लाल रंग जात नाही. बेबिंका, म्हणजे थराथरांचा गोड केक, कापून बघायला देत असतील तर थर सुटे आणि कडा खरपूस आहेत का ते पाहा.

सुके बांगडे किंवा गळमो (सुका जवळा) घ्यायचा असेल तर आधी वर्तमानपत्र, मग दोन प्लास्टिकच्या पिशव्या, मग घट्ट झाकणाचा डबा. एकाच पिशवीत बांधून रेल्वेच्या डब्यात शिरलात तर रत्नागिरी येईपर्यंत सहप्रवासी तुमच्याशी बोलायचे बंद झालेले असतील.

दारूच्या बाटल्या गाडीत टाकून महाराष्ट्रात आणू नका. इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर गाडी उघडायला लावतात आणि 'घरच्यापुरती आहे' हे तिथे चालत नाही. फेणी प्यायची ती गोव्यातच.

निघण्याची वेळ उलटी मोजा. पाळोळ्याहून मोपाला विमानाच्या वेळेआधी किमान साडेपाच तास निघा: साडेतीन रस्त्याला, दोन विमानतळावर. बाणावलीहून मडगाव स्टेशनला तास पुरे. स्कूटर आदल्या संध्याकाळीच परत करा, मालकाबरोबर पहिल्या दिवशीचा व्हिडिओ लावून ओरखडे ताडून घ्या, आणि अनामत हातात पडल्याशिवाय किल्ली देऊ नका.